गेर्गेयने

वेस्प्रेमच्या टेकडीवर वारा पडलाय असा दिवस
गेल्या हिवाळ्यात एकच आला.
त्या दिवशी मी ग्रंथालयाच्या तळघरात नावं जुळवत होतो :
कोणाचा शोध कोणाच्या खात्यावर,
कोणी कोणाचा हवाला किती वेळा दिला.
पोटासाठी मी हेच करतो.
एखादा माणूस सूचीत तीन जागी सांडलेला असतो,
त्याला गोळा करून एका ओळीत बसवतो.

दोम्बी जी. या नावापाशी अडलो.
बारा निबंध.
अकरा कोबाल्टचे, धातू आणि कार्बन यांच्यातल्या
त्या हळव्या बंधाचे, हवा लागली की काळवंडणाऱ्या.
बारावा मेंढ्यांच्या खुरांत होणाऱ्या सडीवर.

इतका चौफेर विद्वान मी पाहिला नव्हता.

जुने अंक वर मागवले. पिवळ्या कागदावर
पूर्ण नाव छापलेलं :
दोम्बी गेर्गेयने.
इथल्या जुन्या रिवाजात नवऱ्याच्या अख्ख्या नावाला
'ने' जोडलं की त्याची बायको होते.
तिचं स्वतःचं एक अक्षरही मागे उरत नाही.
यंत्राला वाटलं ही शेपटी फालतू, त्याने छाटली.
आणि मी, ज्याच्या भाषेत 'ने' कर्त्याला लागतो,
मांजराने सांडलं, वाऱ्याने उघडलं,
मी ते सरळ वाचलं होतं :
गेर्गेयने केलं.
यंत्राने एकदा पुसलं तिला. माझ्या व्याकरणाने पुन्हा.

लग्नाआधीचा एक निबंध सापडला, १९६८,
केलेमेन ओर्शोया.
त्याचा हवाला कोणीच देत नाही.

ती अल्मादीला राहते, बालातोनच्या काठावर. वय ब्याऐंशी.
दारातच म्हणाली, बूट राहू द्या, फरशी गार आहे.
मी तिच्या अंगठ्यावरच्या डागाकडे बघत होतो, ते तिला कळलं.
'हा कोबाल्टचा नाही. इस्त्रीचा.'

मी कागद पसरले. अकरा तुमचे, म्हटलं,
एका सहीचं काम.
तिने चष्मा लावला, एकेका शीर्षकावर बोट ठेवत गेली.
चौथ्यावर थांबली : 'इथे उतारा बासष्ट टक्के लिहिलाय.
कधीच नव्हता.
प्राध्यापकांना साठच्या वर हवा होता.'
सातव्यावर बराच वेळ थांबली.
'हा त्याच्याकडेच राहू द्या.'

मग सांगितलं :
डिसेंबर, रात्र, नायट्रोजन संपत आलेला.
तो मला न्यायला आला जनावरांच्या गाडीतून,
कोटाला मेंढ्यांचा वास.
तसाच उलटा फिरला. खतकारखान्याच्या रखवालदाराची गाय
त्यानेच मागे सोडवली होती,
त्या ओळखीवर नळकांडं मिळालं.
मग चंबू बर्फात धरून बसला.
'मला तर झोप लागली.
पहाटे उठले तर स्फटिक आलेले, नारिंगी,
आणि हा त्यांच्याकडे बघतोय,
नुकत्याच व्यालेल्या जनावराकडे बघावं तसा,
हात न लावता.
कृतीच्या परिच्छेदात यातलं काय लिहिणार?'

नियमात बसत नाही, मी म्हटलं.
'बासष्ट टक्के तरी कुठे बसत होते?'

दहा दुरुस्त केले.
सातवा चुकीचा ठेवला, जाणूनबुजून, नोकरीत पहिल्यांदा.
ओसाकात कोणीतरी दर दोन वर्षांनी
एका वारलेल्या पशुवैद्याचा
कोबाल्टसाठी आदराने हवाला देतं.

खुरांच्या निबंधाच्या पुढे मात्र अजून शून्य.

वसंतात माझा स्वतःचा लेख छापायला गेला,
नावांच्या घोटाळ्यावर, तक्त्यांसकट.
परीक्षकाला बाकी सगळं पटलं. एकच शंका :
संदर्भ क्रमांक एकतीस, मेंढ्यांच्या पायांविषयी,
याचा विषयाशी संबंध काय?

उत्तराला तीन आठवडे दिलेत.
सतरा दिवस झाले.